अण्णांनी विचारलेला प्रश्न

वरळीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"सप्रेम जय भीम. आम्ही बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांच्या खोलीत माझे सगळे आयुष्य गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुनर्विकासाच्या नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घराची चावी मिळाली. मी एकुलती एक. आईवडील, माझे यजमान, मी आणि माझा १९ वर्षांचा मुलगा असे आम्ही एकत्र राहतो. वडील, म्हणजे अण्णा, महार रेजिमेंटमध्ये होते. १९७८ ला भरती झाले, श्रीलंकेत जाऊन आले, १९९५ ला हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आले आणि पुढे वीस-बावीस वर्षे त्यांनी एका बँकेत गनमॅनची नोकरी केली. मिलिटरीबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढलेला नाही. विसर्जनात किंवा दिवाळीत मोठा बार उडाला की मोरीत जातात आणि नळ सोडून उभे राहतात. सोसायटीने १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचे ठरवले, तेव्हा सरळ नाही म्हणाले. घर बदलताना माळ्यावरून त्यांची काळी ट्रंक खाली काढली. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव, आत डिस्चार्ज बुक, पदके आणि आईने पाठवलेल्या आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा. मुलाने काही विचारायच्या आत अण्णांनी झाकण लावले आणि ट्रंक पलंगाखाली सरकवली.

आता मुलगा म्हणतो, अग्निवीर व्हायचे. लेखी परीक्षा पास झाला आहे. जेवताना त्याने हे सांगितले, तेव्हा अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला, 'चार वर्षांनी परत आल्यावर काय करणार, ते आधी ठरव' एवढेच म्हणाले आणि ताटावरून उठले. तेव्हापासून घरात अबोला आहे. मुलगा पहाटे पाचला सी फेसवर धावायला जातो. तो गेला की अण्णाही उठतात आणि तो येईपर्यंत खिडकीत उभे राहतात. या वयात ही झोपमोड बरी नव्हे. आई म्हणते, जाऊ दे, जुने कशाला उकरता. मी ४२ वर्षांची झाले, पण आजही अण्णांसमोर मोठ्याने हसत नाही. माझी एवढीच इच्छा आहे की अण्णांनी एकदा मन मोकळे करावे, तिकडे काय सोसले ते नातवाला सांगावे आणि त्याला या वेडातून बाहेर काढावे. त्यांना बोलते कसे करायचे, ते सांगा."

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा ताटावरून उठण्यापूर्वी अण्णांनी उच्चारलेल्या त्या एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही लिहिता की अण्णा बोलत नाहीत, आणि एका अर्थाने ते खरेच आहे. पण पस्तीस-छत्तीस वर्षांच्या मौनानंतर या माणसाने आपल्या नातवाला एक नेमका प्रश्न विचारला आहे, आणि माझ्या मते तुमच्या घरात आजवर विचारला गेलेला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. 'तिकडे जाऊ नकोस' असे ते म्हणालेले नाहीत, गोळीची किंवा मरणाची भीतीही त्यांनी घातलेली नाही. परत आल्यावर काय, असे त्यांनी विचारले आहे. ज्या माणसाला आयुष्यात सर्वांत जड गेले ते परत येणे, त्याच्याच तोंडी हा प्रश्न येतो. तेव्हा अण्णांना बोलते करायचे असेल तर श्रीलंकेत काय झाले याची चौकशी सोडून द्या आणि त्यांनी स्वतः उघडून दिलेल्या दारातून आत जा.

त्याआधी मात्र थोडे कठोर वाटेल असे काही सांगायला हवे. तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्या आहेत. अण्णांचे मन मोकळे व्हावे ही एक, आणि त्यांच्या तोंडून हालअपेष्टा ऐकून मुलगा घाबरावा व थांबावा ही दुसरी. या दोन्ही एकाच बैठकीत पुऱ्या करायला जाल, तर दोन्ही हातच्या जातील. अण्णांना ते लगेच कळेल. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड वर्षांचा उपयोग नातवाला धाक घालण्यासाठी होतो आहे, हे ज्याच्या लक्षात आले तो माणूस ट्रंकेचे झाकण पुन्हा उघडणार नाही. मुलाच्या बाबतीत तुम्हाला भीती वाटते, ती अगदी रास्त आहे. पण ती तुमची भीती आहे आणि ती तुमच्याच तोंडून त्याच्या कानी गेली पाहिजे. 'मला भीती वाटते, तू एकटाच आहेस' हे आईने मुलाला सरळ सांगण्यात काहीच कमीपणा नाही. ते काम अण्णांकडे सोपवू नका.

आता श्रीलंकेविषयी. अण्णांना विचारायचे नाही याचा अर्थ घरातल्यांनी काही जाणूनही घ्यायचे नाही, असा होत नाही. उलट त्यांनी गप्प का राहावे हे समजायचे असेल, तर तुम्ही आणि तुमच्या मुलाने तो काळ आपला आपण वाचून घ्यायला हवा. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोमध्ये भारत-श्रीलंका करार झाला आणि लगोलग आपले सैन्य शांतिसेना म्हणून त्या बेटावर उतरले. ज्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी आपण चाललो आहोत अशी जवानांची समजूत होती, त्याच जनतेत मिसळून राहणाऱ्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी ऑक्टोबरमध्ये लढाई जुंपली; समोरचा माणूस गावकरी की बंडखोर, हे पुष्कळदा गोळी सुटेपर्यंत कळत नसे. जवळजवळ बाराशे भारतीय जवान तिथे कामी आले. मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी स्वागताला जाण्याचे टाळले. कारगिलच्या विजयाची आठवण आपण दरवर्षी २६ जुलैला काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु श्रीलंकेहून परतलेल्यांच्या वाट्याला असा दिवस आला नाही. आपण कशासाठी गेलो होतो आणि जिंकलो की हरलो, याचे एका वाक्यातले उत्तर ज्यांना कोणीच दिले नाही, त्यांनी घरी येऊन काय सांगायचे? शाल-श्रीफळ नाकारणाऱ्या अण्णांना सोसायटीने पुन्हा आग्रह करू नये, असे मला वाटते ते यामुळेच. तो नकार उद्धटपणाचा नाही, त्याला मान द्या.

तुमच्या मुलाला एक नाव मात्र जरूर सांगा. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले; त्या संपूर्ण मोहिमेतले हे एकमेव परमवीर चक्र होय. परमेश्वरन मुंबईचे, इथेच जन्मलेले आणि इथल्याच एसआयईएस महाविद्यालयात शिकलेले. नातवाने हे नाव आपण होऊन घेतले, तर आपल्या पलटणीविषयी पोराने काही वाचले आहे एवढे आजोबांना कळेल. त्यावर ते काही बोलतील किंवा बोलणार नाहीत. बोलले नाहीत तर तिथेच थांबायचे.

परत येण्याविषयी मी इतक्या आग्रहाने का लिहिते आहे, ते सांगते. माझे मामा १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते. मी दहा-अकरा वर्षांची असताना भर पंगतीत त्यांना विचारले होते, 'मामा, तुम्ही किती माणसे मारलीत?' ते रागावले नाहीत की हसले नाहीत. हात धुऊन अंगणात गेले आणि सायकल पुसू लागले, आणि पुसून लखलखीत झालेली सायकल त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली. त्या दुपारचे मला आजही वाईट वाटते. पुढे कितीतरी वर्षांनी, मामी आजारी असताना, मी आणि मामा स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो होतो. दोघांच्याही नजरा ताटलीकडे. तेव्हा मामा अचानक म्हणाले, 'पेन्शनवर आल्यानंतर पहिली नोकरी एका सोसायटीत लागली. पहिल्याच दिवशी एक पोरगा गच्चीवरून ओरडला, ए वॉचमन, बॉल दे वर. माझ्या हाताखाली तीस माणसे होती ग. मी बॉल दिला. आणि वाटले, परत जावे. पण परत म्हणजे कुठे, तेच कळेना.' एवढे बोलून त्यांनी पुढची पाकळी सोलायला घेतली. युद्धातला एकही प्रसंग त्यांनी मला मरेपर्यंत सांगितला नाही. पण त्या संध्याकाळपासून मामा मला पहिल्यांदा कळू लागले, आणि मला वाटते, मी त्यांना कळू लागले.

अण्णा १९९५ मध्ये कोणत्या वरळीत परतले, ते जरा डोळ्यांसमोर आणा. ३६ वर्षांचा माणूस, म्हणजे तुमच्याहून सहा वर्षांनी लहान. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी खात्यात गेलेच नाहीत. तेव्हा चाळीत प्रत्येक मजल्यावर रिकाम्या हातांनी बसलेली माणसे असणार. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांतला एक तुमच्या जवळच, सेंच्युरी बाजारपाशी झालेला. त्या दिवसाविषयी वरळीत घरोघरी बोलले जात होते. कोण कुठे होते, कोण थोडक्यात वाचले, काचा कुठवर उडाल्या. आणि त्या सगळ्या बोलण्यात बारूद जवळून पाहिलेला एक माणूस मान खाली घालून बसलेला. सतरा वर्षे बराकीत काढलेल्या या माणसाला १६० चौरस फुटांत बायको आणि अकरा वर्षांची मुलगी यांच्यासह राहायचे होते, आणि ती मुलगी त्याला दोन महिन्यांच्या सुट्टीवर येणारा पाहुणा म्हणूनच ओळखत होती. नोकरी शोधायची होती. हवालदारकी विसरून बँकेच्या दारात उभे राहायचे होते. ही दुसरी भरती त्यांनी कशी निभावली, हे घरात त्यांना कोणी विचारले आहे का? मला वाटते, नसावे. कारण सैनिकाला लोक नेहमी पहिल्या भरतीविषयीच विचारतात.

तुमच्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असेल. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांची कथा तुम्हाला मी सांगायला नको. सुभेदारांनी लष्करात कोणत्या मोहिमा पाहिल्या हे आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येईल. पण लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेल्या या माणसाने पेन्शन घेतल्यावर साताऱ्याकडे नोकरी धरली, पुढे मुंबईत येऊन परळच्या चाळीत एका खोलीत संसार मांडला, आणि स्वतः जागे राहून मुलाला रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवले, हे मात्र घराघरांत माहीत आहे. म्हणजे एका सैनिकाचे परत आल्यानंतरचे आयुष्य सांगण्याजोगे असते, याचा दाखला तुमच्याच घरात, तुमच्याच भाषेत आहे. ही आठवण अण्णांच्या देखत कोणीतरी काढावी. ज्या पेन्शनराने मुलीला शिकवले, खोली टिकवली आणि आज नातवाला कॉलेजात जाताना पाहिले, त्याला त्यातले आपले प्रतिबिंब दिसल्याशिवाय राहणार नाही.

विचारायचे कसे, हे तुम्ही विचारता. समोरासमोर बसून, 'आता सांगा' असे म्हणून तर मुळीच नाही. सोसायटीतल्या कोणाला किंवा पाहुण्यांना बोलावून नाही, आणि मोबाईल समोर धरून, नंतर स्टेटसला टाकायला म्हणून तर अजिबात नाही. हाताला काम आणि नजरेला वेगळी जागा असली की माणूस बोलतो. यासाठी तुमच्याकडे एक उत्तम निमित्त आहे, ते म्हणजे ती ट्रंक, आणि तिच्यातले कागद. लष्करी निवृत्तिवेतनाचे काम आता 'स्पर्श' या प्रणालीतून चालते आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या नोंदींमध्ये तुमच्या आईचे नाव, नावातील अक्षरे आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हे तपासून घेणे फार गरजेचे आहे; कारण जुन्या डिस्चार्ज बुकातले नाव एक, आधार कार्डावरचे दुसरे, अशा फरकापायी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी कितीतरी वृद्ध बायकांना हेलपाटे घालावे लागतात. मुलाला सांगा की एखाद्या रविवारी आजोबांना म्हण, 'अण्णा, आजीची नोंद तपासू या, मला कागद दाखवा.' हा बहाणा नव्हे, हे खरोखरचे काम आहे, आणि अण्णांसारख्या माणसाला काम कळते. कुठे अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोघांनी मिळून जावे. डिस्चार्ज बुकाची पाने उलटताना कुठल्या तरी नोंदीपाशी अण्णांचे बोट थांबेल. तिथे विचारायचेच असेल तर लहान, हाताला लागणारे विचारा: घरी आल्यावर पहिली नोकरी कुठे मागितली, पहिला पगार किती मिळाला, बँकेत उभे राहून पाय सुजायचे का, बराकीनंतर खोलीत झोप लागायची का. 'त्या वेळी तुम्हाला काय वाटले?' हा प्रश्न आपण हल्ली सर्रास विचारतो. अण्णांच्या पिढीतल्या माणसाला त्याचे उत्तर देता येत नाही आणि मग तो ओशाळतो. ते टाळा.

आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा मात्र कोणी सोडायचा नाही. ती पत्रे तुमच्या आईची आहेत.

आणि इथे मला तुमच्या पत्रातली एक उणीव दाखवून द्यायची आहे, रागावू नका. एवढ्या मोठ्या पत्रात आईच्या वाट्याला एकच ओळ आली आहे: 'जाऊ दे, जुने कशाला उकरता.' या बाईने नवऱ्याच्या सतरा वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षे एकटीने काढली. श्रीलंकेतले पत्र यायला उशीर झाला की दारात तारवाला उभा तर नाही ना, या धास्तीने दिवस मोजले. मनीऑर्डरीच्या पैशात घर चालवले, तुमची दुखणी काढली. आणि पुढे जो माणूस घरी आला तो वर्षातून एकदा सुट्टीवर येणाऱ्या माणसासारखा मुळीच नव्हता, त्याच्याशी पहिल्यापासून संसार मांडला. बार उडाल्यावर तो मोरीत जाऊन नळ सोडतो, त्या वेळी बाहेर दाराशी कोण उभे असते? रात्री तो दचकून उठला तर पाणी कोण देते? मला खात्री आहे की अण्णांविषयी घरात जे कोणाला ठाऊक नाही, त्यातले बरेचसे आईला ठाऊक आहे, आणि तिचे स्वतःचे तर तिने कोणालाच सांगितलेले नाही. 'जुने कशाला उकरता' म्हणणाऱ्या बाईला बहुधा हे माहीत असते की उकरले तर सगळे उकरावे लागेल. म्हणून सुरुवात आईपासून करा. एखाद्या दुपारी, अण्णा खाली फिरायला गेलेले असताना, भाजी निवडता निवडता तिला विचारा, 'आई, अण्णा तिकडे होते तेव्हा तू काय करायचीस ग?' तिला जेवढे सांगावेसे वाटेल तेवढे ऐका, आणि अण्णांशी काय बोलावे व काय बोलू नये, याचा सल्ला माझ्याआधी तिच्याकडून घ्या.

मोरीतल्या नळाविषयीही लिहायला हवे, कारण तुम्ही ते सवयीने लिहून पुढे गेला आहात. मोठ्या आवाजाने शरीर असे थरकापणे, इतक्या वर्षांनीही, हे मनावरच्या जुन्या आघाताचे लक्षण असू शकते. त्यात भित्रेपणाचा किंवा विक्षिप्तपणाचा काही संबंध नाही आणि वय झाले म्हणून सोडून देण्यासारखेही ते नाही. अशा माणसाला घडलेले सविस्तर सांगण्याची घरच्यांनी जबरदस्ती केली तर त्रास वाढू शकतो. ते काम जाणकाराच्या सोबतीने व्हावे लागते. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, आणि १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तिचे सदस्य होताना वर्गणी भरावी लागत नाही. अण्णा १९९५ चे. त्यांचे कार्ड अजून काढले नसेल तर आधी ते काढा, आणि तिथल्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करा. त्यांना दवाखान्यात जाणे नको वाटत असेल, तर तुम्ही स्वतः केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा; तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, आणि घरच्या माणसाने कसे वागावे हेही तिथे विचारता येते. अण्णांना हे सांगताना 'मानसिक' हा शब्द आधी काढू नका. 'झोप नीट लागत नाही, एकदा दाखवून येऊ' एवढे पुरे. आणि येत्या विसर्जनाच्या दिवशी त्यांना घरात एकटे ठेवू नका. खिडक्या लावून घ्या, ते मोरीत गेले तर दार ठोठावू नका, ते बाहेर आले की चहा द्या.

आता तुमचा मुलगा. त्याचे हे वेड आहे असे मला वाटत नाही. लेखी परीक्षा पास होऊन रोज पहाटे धावणारा मुलगा वेड घेऊन धावत नसतो. पण त्याचे आजोबा ज्या नोकरीत गेले ती आणि तो जाऊ पाहतो आहे ती, यांत मोठा फरक आहे आणि तो त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. अण्णांना सतरा वर्षांनंतर आयुष्यभराचे पेन्शन मिळाले. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत प्रशिक्षण धरून चार वर्षांची सेवा आहे. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम घेतले जाते आणि बाकीचे सेवानिधीची साधारण ११ लाख ७१ हजारांची रक्कम घेऊन घरी येतात. त्यांना पेन्शन नाही. पगार पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार या निधीत वळते होतात. लष्करात पहिल्या अग्निवीरांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ संपता संपता पूर्ण होतात. परत येणे म्हणजे काय, हे आता या मुलांना कळू लागेल. अण्णा ३६ व्या वर्षी ज्या दारात उभे होते, तिथे तुमचा मुलगा २३-२४ व्या वर्षी उभा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मुंबईत अकरा-बारा लाखांत घर होत नाही हे त्याला वेगळे सांगायला नको. अण्णांचा प्रश्न इतका नेमका आहे तो यामुळे.

तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मुलाने खरोखर तयार करावे, आणि ते वहीत लिहून आजोबांपुढे ठेवावे. पदवीचे राहिलेले शिक्षण कधी आणि कुठून पूर्ण करणार. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून की इग्नूतून? चार वर्षांत कोणते तांत्रिक काम हाती येईल अशी शाखा मागणार? निधीतले किती पैसे शिक्षणाला, किती घराला? निवड झाली नाही तर काय? अण्णा त्या वहीवर लाल पेनने खुणा करतील, बहुधा दोन-तीनदा परत पाठवतील. करू द्या. नातवाच्या त्या पानांवर आजोबा जे काही लिहितील, त्यात त्यांची १९९५ नंतरची वर्षे आपोआप उतरतील. एवढे करूनही मुलगा जायचे म्हणाला, तर तो सज्ञान आहे. आणि नको म्हणाला, तर तो निर्णयही आजोबांच्या भीतीपोटी झालेला नसेल.

राहिली गोष्ट तुमची. 'आजही अण्णांसमोर मोठ्याने हसत नाही,' हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. अकरा वर्षांच्या मुलीच्या घरात एके दिवशी एक शिस्तीचा माणूस कायमचा राहायला आला आणि तिचे हसणे दबले, याची भरपाई अण्णांच्या युद्धकथांनी होणार नाही. मला वाटते, त्यांना बोलते करण्याच्या तुमच्या इच्छेत स्वतःसाठीही काही मागणे आहे, आणि ते मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कधीतरी, घाई न करता, त्यांना सांगा: 'अण्णा, तुम्ही आलात तेव्हा मला तुमची भीती वाटायची.' हा आरोप नाही, हीदेखील त्यांच्या परत येण्याचीच हकीकत आहे, तुमच्या बाजूची. ते काय उत्तर देतील ते मी सांगू शकत नाही. कदाचित उठून जातील. तरी हे सांगितलेले बरे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

त्यांच्या पहाटेच्या झोपमोडीची मात्र काळजी करू नका. आयुष्याची सतरा वर्षे पहारे बदलत काढलेला माणूस नातू बाहेर असताना झोपणार नाही. उद्या पाच वाजता तुम्हीही उठा, दोन कप चहा करा आणि एक त्यांच्या हातात देऊन खिडकीशी उभ्या राहा. काही विचारू नका. मुलाला आदल्या रात्री एवढेच सांगून ठेवा की भरतीला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावले की पूर्ण गुण असतात, आणि वेळ धरायला खाली येता का, असे त्याने आजोबांना स्वतः विचारावे. त्यांचे मनगटी घड्याळ ट्रंकेत आहे की हातात, ते तुम्ही लिहिलेले नाही. शारीरिक चाचणी झाली की पुन्हा पत्र पाठवा.